शाळेचा कलर कोणाला?

ऑगस्टचा महिना. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावापासून वैनगंगेच्या काठापर्यंत बांध्यांमध्ये पाणी साचलेले, धानाचा रोवणा अर्ध्यावर आलेला. नेमक्या याच दिवसांत तालुक्याच्या शालेय स्पर्धांचे पत्र शाळेत येते आणि पीटीच्या सरांची धावपळ सुरू होते. पावसाने उघडीप दिली की मैदानावर फक्की मारायची, पुढची सर येण्याआधी सराव उरकायचा, प्रवेशिकेवर नावे आणि जन्मतारखा लिहायच्या, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घ्यायचा. कबड्डीच्या प्रवेशिकेवर बारा नावे असतात. मैदानात उतरतात सात.

उरलेले पाच जण रेषेबाहेर बसतात. जवळजवळ प्रत्येक शाळेत त्यांतला एक जण असा असतो, की जुलैपासून त्याचा सराव चुकलेला नसतो. मुख्य संघाला सरावासाठी समोर कोणीतरी लागते, तिथे तो उभा राहतो. चढाईपटूचा हात बसावा म्हणून रोज गुडघे-कोपरे तो सोलून घेतो. पाण्याची कॅन तोच भरून आणतो. पुढे संघ जिंकतो किंवा हरतो. २६ जानेवारीच्या कार्यक्रमात टाळ्या पडतात त्या कर्णधारासाठी आणि सर्वाधिक गुण आणणाऱ्या खेळाडूसाठी. बाराव्याचे नाव प्रवेशिकेच्या झेरॉक्समध्ये राहून जाते.

त्याला शाळेने काय द्यावे, आणि कशाच्या आधारावर द्यावे? अमेरिकेतल्या शाळा हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे सोडवत आल्या आहेत. तिथे हायस्कूलच्या मुख्य संघाला ‘व्हार्सिटी’ म्हणतात आणि त्या संघातून ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्या मुलाला शाळेच्या नावाचे आद्याक्षर मिळते. जाड लोकरीचे, टपोरे, वीतभर उंचीचे अक्षर. ते जाकिटाच्या छातीवर शिवून घ्यायचे. पुढच्या वर्षी पुन्हा पात्र ठरले तर नवे अक्षर मिळत नाही, त्याच अक्षरावर लावायची एक लहानशी पट्टी मिळते. कर्णधाराला चांदणी. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही मुलाला वा मुलीला ‘लेटर’ मिळाले की त्याचा फोटो आजी-आजोबांपर्यंत पोहोचतो.

या प्रथेचा उगम हार्वर्ड विद्यापीठात सांगितला जातो. १८६५ मध्ये तिथल्या बेसबॉल संघाने आपल्या फ्लॅनेलच्या शर्टांवर जुन्या वळणाचे ‘एच’ भरून घेतले. दहा वर्षांनी फुटबॉल संघानेही ते उचलले. तेव्हाचा निकष एका ओळीचा होता. हंगामातल्या महत्त्वाच्या सामन्यात जो खेळला त्याने शर्ट ठेवायचा, जो खेळला नाही त्याने परत करायचा. म्हणजे अक्षराइतकाच त्याचा निकषही जुना आहे, आणि शर्ट परत करावा लागणारा बारावा गडीही तितकाच जुना आहे.

पुढे ही प्रथा शाळांत आली तेव्हा नियम खेळागणिक वेगळे झाले. फुटबॉलमध्ये हंगामातल्या निम्म्या क्वार्टरांत खेळलेले असावे, बेसबॉलमध्ये निम्म्या डावांत. धावण्या-उड्यांच्या प्रकारांत संघासाठी ठरावीक गुण मिळवलेले असावेत. पोहण्यात ठरलेल्या वेळेच्या आत अंतर कापलेले असावे. त्यावर सरावाची हजेरी, वर्तणूक, शाळेचे साहित्य परत करणे अशा अटी येतात. दुखापतीने हंगाम हुकलेल्या मुलासाठी, चार वर्षे इमाने संघात राहिलेल्या पण फारसे न खेळलेल्या शेवटच्या वर्गातल्या मुलासाठी आणि गुणपत्रक लिहिणाऱ्या, साहित्य सांभाळणाऱ्या विद्यार्थी-व्यवस्थापकासाठी अनेक शाळांत वेगळे कलम असते. हे सगळे हंगाम सुरू होण्याआधी कागदावर येते आणि पालकांच्या हाती पडते. अक्षराचे मोल टिकले आहे ते या कागदामुळे.

विदर्भातल्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. नागपूर विद्यापीठाच्या काळापासून इथे ‘कलर होल्डर’ हा शब्द रुळलेला आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळलेला खेळाडू म्हणजे कलर होल्डर. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले आणि इथल्या खेळाडूला विद्यापीठ संघाची वाट जवळची झाली. ज्याने कलर मिळवला त्याची ओळख गावात वर्षानुवर्षे त्या शब्दाने होते. महाविद्यालयात जी गोष्ट आहे ती शाळेत मात्र नाही. शाळेत आहे ते प्रमाणपत्र, आणि त्या प्रमाणपत्राचा सगळा भाव सरकारी पायऱ्यांवरून ठरतो.

या पायऱ्या समजून घ्यायला हव्यात, कारण गावाकडच्या मुलाचे बरेच काही त्यांवर अवलंबून असते. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी चढण. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, ते याच चढणीवर तो कुठवर पोहोचला ते पाहून. डिसेंबर २०१८ मधल्या शासन निर्णयाने हे गुण पातळीनुसार कमी-अधिक केले. वरच्या टोकाला २५ गुण आहेत, खाली उतरावे तसे ते कमी होतात. शाळा प्रस्ताव करते, जिल्हा क्रीडा अधिकारी तपासतात, मग तो विभागीय मंडळाकडे जातो. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी ते मंडळ नागपूरचे. यापुढची पायरी नोकरीची आहे. प्रावीण्य मिळवलेल्या खेळाडूंसाठी राज्याच्या सेवेत २००५ पासून पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावणारी जी पोरे या दोन जिल्ह्यांत गावोगाव दिसतात, त्यांना या पाच टक्क्यांची किंमत कोणी शिकवावी लागत नाही.

जिथे कागदाला इतके मोल येते तिथे खोटा कागदही येतो. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली, ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाच्या नावावर नोकऱ्या मिळवल्याचे निघाले, आणि प्रमाणपत्रांची पडताळणी अधिक कडक झाली. कडक असायलाच हवी. एका खोट्या प्रमाणपत्रामागे एका खऱ्या खेळाडूची जागा गेलेली असते.

पण सरकारी पायऱ्या मोजतात ती फक्त पोहोच. मूल किती वर चढले तेवढे त्यांना कळते. कुठून चढायला लागले ते कळत नाही. शिवाय सगळ्या खेळांची चढण सारखी नाही. कबड्डीला तालुक्यात गावोगावचे संघ उतरतात. एखाद्या नव्या खेळात दोन-तीनच शाळा असतात, चिठ्ठीत ‘पुढे चाल’ मिळाली की संघ एकही सामना न खेळता पुढच्या फेरीत. त्यात त्या मुलांचा दोष नाही. सरकारला लाखो मुलांसाठी एकच फूटपट्टी लागते, तीही चुकीची म्हणता येणार नाही. मात्र शाळेने आपल्या अंगणातल्या मुलांसाठी तीच फूटपट्टी वापरावी याला काही कारण नाही. शाळेला मूल रोज दिसते. सरकारला फक्त निकालपत्र दिसते.

म्हणून शाळेचा स्वतःचा कलर असावा आणि त्याचे निकष शाळेने स्वतः ठरवावेत. तो मिळाल्याने दहावीला एकही गुण वाढणार नाही, नोकरीत उपयोग होणार नाही. म्हणूनच तो खरेपणाने देता येईल.

निकष ठरवताना अमेरिकेची नक्कल मात्र कामाची नाही. तिथे हायस्कूलच्या फुटबॉल संघाला हंगामात दहाएक सामने मिळतात, बास्केटबॉलला वीसहून अधिक. ‘निम्मे सामने खेळलेला असावा’ ही अट तिथे अर्थपूर्ण आहे. आपल्याकडे तालुका स्पर्धा बाद पद्धतीने होते. पहिल्या सामन्यात हरले की हंगाम संपला. दोन महिने सराव करायचा, सकाळी सहाला एसटीत किंवा टाटा सुमोत बसायचे, तालुक्याला जायचे आणि तासाभरात परतीच्या वाटेला लागायचे. अशा हंगामात सामने मोजून काय हाती लागणार? मोजायचा तो सराव. साठ दिवस सराव झाला असेल तर त्यातले पंचेचाळीस दिवस मूल मैदानावर होते की नाही, हे हजेरीच्या वहीतून कोणालाही पाहता येते. त्यासाठी वेगळी वही हवी, तारखेसह, आणि ती संघातल्याच एका मुलाने किंवा मुलीने लिहावी.

इथे सावलीकडची माती आपली अट घालते. रोवण्याच्या पंधरा-वीस दिवसांत घरचे मूल बांधीत असते. ते हौसेने सराव बुडवत नाही. मजूर मिळत नाही, पाऊस थांबत नाही, पऱ्हे वाढून चाललेले असतात. वैनगंगेला पूर आला की काठच्या गावांचे रस्ते बंद होतात. जंगलालगतच्या गावात वाघाच्या भीतीने अंधारात घराबाहेर पडता येत नाही, मग पहाटेचा सराव त्या मुलांना बंदच. हजेरीची अट सरसकट लावली तर शाळेजवळ राहणारे, घरी शेतीचे काम नसलेले मूल आपोआप पुढे जाईल आणि ज्याने खरोखर जास्त सोसले ते मागे राहील. तेव्हा रोवणा, पूर, आजारपण आणि वाट धोक्याची असणे या चार कारणांची गैरहजेरी गैरहजेरी धरायची नाही, असे नियमातच लिहावे. सरांच्या मर्जीवर सोडले की एकाला सूट मिळते आणि दुसऱ्याला बोलणी.

आश्रमशाळांची गोष्ट आणखी वेगळी. चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड या पाच आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांखालच्या आश्रमशाळांतली मुले वसतिगृहातच राहतात. सरावाला हजर असणे त्यांना सोपे. घरच्यांनी येऊन खेळ पाहणे मात्र दुर्मिळ. सुट्टीत घरी जाताना पिशवीत घालून नेता येईल अशी वस्तू या मुलांना फार हवी असते.

याच आश्रमशाळांतून निघालेली एक मोहीम निकषांच्या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकते. ‘मिशन शौर्य’ अंतर्गत चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या मुलामुलींना ऑगस्ट २०१७ पासून गिर्यारोहणाचे प्रशिक्षण दिले गेले. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख असा तो प्रवास झाला. कित्येकांनी बर्फ प्रथमच पाहिला. मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचा उल्लेख केला. जिवती-राजुऱ्याकडच्या गावांना त्या दिवसांत जो अभिमान वाटला तो अजून ओसरलेला नाही.

त्या तुकडीत दहा जण होते. उरलेल्या पाच जणांनी तेच प्रशिक्षण घेतले, तीच थंडी सोसली, तीच भीती गिळली. आठ हजार मीटरच्या वर कोण जाणार आणि कोण थांबणार हे हवामान, प्राणवायू आणि त्या दिवशी शरीराने दिलेली साथ ठरवते. शिखर गाठणाऱ्यांचा मान वेगळा असणार, असावाच. पण वर्षभराच्या कष्टांचा मान दहाही जणांचा आहे. शाळेचा कलर नेमका इथे कामाला येतो. सुवर्णपदक पाच जणांना मिळो. शाळेचे अक्षर मात्र दहाही जणांच्या छातीवर दिसले पाहिजे.

निकष कोणाला बाहेर ठेवतात हेही पाहायला हवे. अमेरिकेत १९७१-७२ मध्ये हायस्कूलच्या खेळांत ३६ लाखांहून अधिक मुलगे होते आणि मुली होत्या अवघ्या २ लाख ९४ हजार. मुलींसाठी संघच नव्हते, तर अक्षर कुठून मिळणार? १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा झाला, शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेद करायला बंदी आली, आणि आज तिथे ३४ लाखांच्या आसपास मुली खेळतात. आपल्याकडे कायद्याने मुलींना अडवलेले नाही. त्या अडतात त्या संध्याकाळी साडेपाचला, कारण सरावानंतर गावाला जायला गाडी नसते. सोबत जाणाऱ्या शिक्षिका नसल्या की तालुक्याला जाणेही रद्द होते. ज्या शाळेला मुलींचा सराव मधल्या सुट्टीत किंवा शाळेच्या वेळेत घेता येत नाही, तिने मुलींना मुलांइतकीच हजेरी लावणे अन्याय आहे.

दुसरे उदाहरण कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरातले. २०१५ मध्ये तिथे विशेष गरजा असलेल्या मुलांच्या बास्केटबॉल संघात खेळणारा एक मुलगा शाळेचे अक्षर लावलेले जाकीट घालून शाळेत गेला. आईने ते त्याला कौतुकाने घेऊन दिले होते. त्याचा संघ ‘व्हार्सिटी’ नाही म्हणून शाळेने ते काढायला सांगितले. बातमी देशभर गेली आणि लोक हळहळले. शाळा नियमाला धरून वागली, पण तो नियम करताना त्या मुलाचा विचार कोणी केलेला नव्हता. आपल्या शाळेत पायाने अधू मूल असेल, कमी ऐकू येणारे असेल आणि त्याने गोळा फेकला किंवा बुद्धिबळाचा पट मांडला, तर त्याचा कलर कसा मोजायचा हे आधीच लिहून ठेवलेले बरे.

अभ्यासाच्या गुणांची अट घालावी का? टेक्सासने १९८४ मध्ये ‘नापास तर खेळ बंद’ असा कायदा केला आणि त्यावर मोठा वाद झाला. सावली-सिंदेवाहीपासून एटापल्लीपर्यंतच्या शाळांचा विचार केला तर ही अट नको असेच म्हणावे लागते. गणितात मागे पडलेली कितीतरी मुले मैदानाच्या ओढीने शाळेत टिकतात. मैदान काढून घेतले तर ती गणिताकडे वळणार नाहीत, शाळेबाहेर जातील. वर्गातली हजेरी मागावी, शिस्त मागावी, पंचाशी आणि प्रतिस्पर्ध्याशी नीट वागणे मागावे. टक्केवारी मागू नये.

वैयक्तिक खेळांत आणखी एक मोजमाप शाळेच्या हातात आहे आणि ते फारसे कोणी वापरत नाही. जुलैत प्रत्येक मुलाची लांब उडी टेपने मोजावी, शंभर मीटरची वेळ घड्याळावर घ्यावी आणि वहीत लिहावी. डिसेंबरात पुन्हा मोजावी. साडेतीन मीटरवरून चार मीटरवर आलेली मुलगी जिल्ह्याला पहिली आली नसेल, पण तिने स्वतःला अर्धा मीटर मागे टाकले आहे. त्याला फक्त टेप, घड्याळ आणि वही लागते. डिसेंबर २०२३ मध्ये बल्लारपूरजवळच्या विसापूरच्या क्रीडा संकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाली, तेव्हा देशभरची पोरे आपल्याच जिल्ह्यातल्या मैदानावर धावली. तिथवर जाणाऱ्या प्रत्येक धावपटूची पहिली नोंद अशाच कुठल्यातरी वहीत झालेली असते.

निर्णय कोणी घ्यायचा, हा शेवटचा आणि नाजूक भाग. एकट्या क्रीडा शिक्षकावर तो टाकू नये. कित्येक शाळांत वेगळे क्रीडा शिक्षकच नाहीत, मराठीचे किंवा विज्ञानाचे शिक्षक ते काम सांभाळतात. मुख्याध्यापक, खेळाची जबाबदारी असलेले शिक्षक, एक शिक्षिका आणि मुलांनी निवडलेला एक विद्यार्थी अशा चौघांनी वही समोर ठेवून बसावे. वहीत न मावणारी एखादी गोष्ट असते, जसे की दुखापत झालेल्या मित्राला सायकलवर बसवून रोज घरी सोडणारा मुलगा. त्याच्यासाठी चौघांना मोकळीक असावी, पण कारण लिहून द्यावे आणि ते सर्वांना वाचून दाखवावे. ज्याला कलर मिळाला नाही त्याला येऊन ‘का नाही’ असे विचारता यावे, आणि उत्तर वहीतून मिळावे.

आणि तो कलर दिसावा कसा? सावलीला यासाठी लांब जायला नको. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातले हे गाव खादीसाठी नावाजलेले होते. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे संमेलन इथे भरले आणि स्वतः गांधीजी त्याला आले. त्या गावच्या शाळेने खादीच्या तुकड्यावर शाळेच्या नावाचे पहिले अक्षर भरून घेतले तर त्याला फारसा खर्च येणार नाही. सावलीचा ‘सा’, पाथरीचा ‘पा’, व्याहाडचा ‘व्या’. शिवणकाम जाणणारी एखादी पालक बाई किंवा बचत गट ते करून देईल. गणवेशाच्या खिशावर ते टाचावे, पुढच्या वर्षी त्याखाली रंगीत धाग्याची एक ओळ वाढवावी.

द्यायला दिवसही आहे. १५ जानेवारी ही खाशाबा जाधवांची जयंती. १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी आणले. ते १९८४ मध्ये गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. आता त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. तोवर तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धा आटोपलेल्या असतात, धान घरात आलेले असते, गावाला शाळेत यायला सवड असते.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी यंदा पहिल्याच आठवड्यात एका पानाचा कागद तयार करावा, त्यावर कलरचे निकष साध्या मराठीत लिहावेत, आणि पहिली फक्की पडायच्या आधी तो सूचना फलकावर लावावा.